अकरा की एकोणीस? शेताच्या नकाशावरील अक्षरांची गोष्ट

आठवी-नववीच्या वर्गात नकाशाचे प्रमाण शिकवायचे असले, की आम्ही मुलांना घरून एखादा नकाशा आणायला सांगतो. शहरातली मुले सहलीचे नकाशे आणतात. वैजापूरसारख्या तालुक्यात मात्र हमखास शेताचा नकाशा येतो. घरात दुसरा कोणता नकाशा नसला तरी तो असतोच, प्लॅस्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डाच्या आणि जुन्या पावत्यांच्या खाली चार घड्या करून ठेवलेला.

असाच एक नकाशा एका मुलाने आणला. फोटोकॉपीची फोटोकॉपी. त्यातील एका तुकड्याचा जुना सर्व्हे नंबर घरात वादाचा होता. आजोबा म्हणत एकोणीस, चुलते म्हणत अकरा. कागदावर पाहिले तर एक स्पष्ट १ आणि त्याच्याशेजारी वर शाईची गुठळी असलेली, खाली निमुळती होत गेलेली एक रेघ. ती १ सुद्धा होती आणि ९ सुद्धा. आम्हालाही सांगता येईना.

उत्तर वर्गातल्या मुलांनी काढले. त्यांनी त्या आकड्याकडे पाहणे सोडून दिले आणि त्याच्या शेजाऱ्यांकडे पाहिले. एका बाजूस १८ होता, दुसऱ्या बाजूस २०. आणि ११ वाचता येईल असा दुसरा एक तुकडा शिवाराच्या पार दुसऱ्या टोकाला, ओढ्याकाठी, १० आणि १२ यांच्या मधे बसलेला होता. एकोणीसच! (भाऊबंदकीचा निकाल वर्गात लागत नसतो, हे वेगळे सांगायला नको.)

या प्रसंगानंतर आम्ही शेताच्या नकाशांवरील अक्षरांकडे जरा वेगळ्या नजरेने पाहू लागलो. ही अक्षरे कोणी, कशाने, केवढी काढायची हे कसे ठरत गेले असेल? आणि एवढ्या महत्त्वाच्या कागदावर १ आणि ९ एकमेकांसारखे का दिसावेत?

मुळात जमिनीच्या कागदावर नकाशा ही तशी उशिरा आलेली गोष्ट. त्यापूर्वी जमीन शब्दांत सांगितली जाई. राष्ट्रकूटांच्या ताम्रपटांत दान दिलेल्या गावाच्या चारी दिशांचे आघाट, म्हणजे सीमा, लिहिलेल्या आढळतात. पूर्वेस अमुक गाव, दक्षिणेस अमुक नदी, अशी ती यादी असते. आजच्या खरेदीखतातील चतुःसीमा ही त्याच पद्धतीची पणती. सतराव्या शतकाच्या आरंभी याच दौलताबादच्या मुलखात मलिक अंबरने जमिनीची पाहणी करून सारा ठरवण्याची घडी बसवली. तोही कारभार शब्दांचा आणि आकड्यांचा होता. शब्दांत सांगण्याचा एक मोठा फायदा असतो. त्यात पुष्कळ जादा मजकूर असतो. दोन-चार अक्षरे पुसली गेली तरी वाक्य लागते.

इंग्रजी अमलात हे बदलले. पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात १८२० च्या दशकात प्रिंगल यांनी केलेली पाहणी फसली. १८३५ नंतर गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी तिथेच नव्याने मोजणी सुरू केली आणि १८४७ च्या संयुक्त अहवालाने मुंबई इलाख्याची पद्धत पक्की झाली. ३३ फुटांची साखळी, तिचे सोळा आणे. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद जागा म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजेच एक गुंठा. असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. प्रत्येक शेताला एक क्रमांक मिळाला आणि तो गावाच्या नकाशावर त्या शेताच्या आकृतीत लिहिला गेला. ‘ओढ्याच्या वरच्या अंगाची, आंब्याच्या झाडापासून पांदीपर्यंतची’ जमीन आता ‘१९’ झाली.

केवढी ही काटकसर! पण काटकसरीची किंमत असते. वाक्यात एखादे अक्षर गेले तर ते उरलेल्या अक्षरांवरून भरून काढता येते. १९ मधला ९ गेला तर त्या जागी काय होते हे १ सांगू शकत नाही. कोणताही आकडा तिथे चालतो. खरेदीखतात किंवा धनादेशावर आपण रक्कम ‘अक्षरी’ लिहितो ती याचसाठी. नकाशावर अक्षरी लिहायला जागाच नसते.

जागा किती असते, हे मुलांकडून काढून घ्यावे. जुन्या गाव-नकाशांचे एक नेहमीचे प्रमाण म्हणजे एका मैलाला आठ इंच. मैलाचे इंच ६३,३६०. आठाने भागले की ७,९२०. म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर हा जमिनीवर जवळजवळ आठ मीटर. एक एकराचे चौरस शेत कागदावर आठ मिलिमीटर बाजूचे होते. दहा गुंठ्यांचे शेत चार मिलिमीटर बाजूचे, म्हणजे हरभऱ्याच्या दाण्याहूनही लहान. त्यात ‘१२७’ लिहायचे. आकडे दोन मिलिमीटर उंचीचे काढले तर तीन आकड्यांनी चार मिलिमीटर रुंदी खाल्ली, म्हणजे या बांधापासून त्या बांधापर्यंत. शिवाय दोन मिलिमीटर उंचीचा आकडा सोळा मीटर जमीन झाकतो. नकाशाची रेघ ०.३ मिलिमीटर जाड असेल तर ती रेघच सुमारे २.४ मीटर रुंदीची झाली. आपल्याकडे हातभर बांधावरून पिढ्यान्‌पिढ्या कोर्टात जाणारी माणसे आहेत. त्यांना हे गणित जरूर दाखवावे. नुसता गाव-नकाशा पाहून बांध सरकवता येत नाही. मोजणीची टिपणे आणि फाळणीचे मोठ्या प्रमाणावर काढलेले नकाशे लागतात ते यामुळेच.

दुसऱ्या बाजूने डोळ्याची मर्यादा येते. निरोगी डोळ्याला सुमारे एक षष्ठांश अंशाचा दहावा भाग, म्हणजे एक कला एवढ्या कोनातले दोन ठिपके वेगळे दिसतात. ३० सेंटिमीटर अंतरावरून पाहिले तर हे अंतर ०.०९ मिलिमीटरच्या आसपास येते. ९ च्या डोक्यातील पोकळी याहून बरीच मोठी ठेवली तरच ती पोकळी म्हणून दिसेल. म्हणजे आकडा मोठा काढला तर शेत झाकते आणि लहान काढला तर पोकळी बुजते. नकाशावरील अक्षरांचा सारा इतिहास या दोन टोकांमधला आहे.

नकाशाकारांना ही अडचण फार पूर्वी जाणवली होती. भूगोलाच्या पुस्तकात ज्याचे प्रक्षेपण आपण शिकवतो त्या मर्केटरने १५४० मध्ये, आपला प्रसिद्ध जगाचा नकाशा काढण्याच्या एकोणतीस वर्षे आधी, एक छोटे पुस्तक लिहिले. विषय होता तिरप्या लॅटिन अक्षरांचे लेखन! लेखणी कशी तासायची, कशी धरायची, इथपासून त्यात आहे. ही अक्षरे कमी जागेत मावतात आणि तरी वाचता येतात.

आपल्याकडचा बोरू मात्र नकाशासाठी बनलेला नव्हता. तिरक्या कापलेल्या टोकामुळे अक्षराचा एक भाग जाड आणि एक भाग बारीक येतो. पोथीत ते सुंदर दिसते. नकाशात हाच गुण दोष ठरतो, आणि त्याचे कारण छपाईत आहे. १८६० च्या सुमारास इंग्लंडच्या ऑर्डनन्स सर्व्हेत फोटोझिंकोग्राफीची पद्धत रुळली. मोठा काढलेला नकाशा कॅमेऱ्याने लहान करायचा आणि प्रकाशाने कठीण होणाऱ्या लेपाच्या साहाय्याने त्याचे चित्र जस्ताच्या पत्र्यावर उतरवून छापायचे. पुण्याला सरकारी फोटोझिंकोग्राफिक कार्यालय निघाले आणि मुंबई इलाख्याचे कितीतरी नकाशे तिथे छापले गेले. आता नकाशा निम्मा केला की काय होते पाहा. बोरूचा बारीक भाग इतका बारीक होतो, की तो पत्र्यावर उतरतच नाही. जाड भागाची शाई पसरून शेजारची पोकळी बुजवते. १ आणि ९ मधला फरक डोक्याजवळच्या वळणात आणि पोकळीत आहे. तोच नेमका आधी मरतो. म्हणून नकाशासाठी टाकाने किंवा निबाने काढलेली, सगळीकडे सारख्या जाडीची आणि पोट मोकळे ठेवलेली अक्षरे हवीत. दिसायला ती थोडी बोजड वाटतात. पण झिजल्यावर काय उरेल याचा विचार त्यांत आधीच केलेला असतो.

याच संदर्भात ३ आणि ६ ची एक गंमत सांगण्यासारखी आहे. हे दोन आकडे बरेचसे एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमांसारखे आहेत. कागदावर त्याने काही बिघडत नाही. पण नकाशाची नक्कल पारदर्शक ट्रेसिंग क्लॉथवर केली जाई, आणि हे कापड दोन्ही बाजूंनी दिसते. घाईत उलटे पडले तर ३ चे ६ होण्याइतका गोंधळ होऊ शकतो. उत्तर दिशेचा बाण आणि सगळे आकडे एकाच दिशेला तोंड करून लिहिण्याची शिस्त केवळ टापटिपीसाठी नसते.

अक्षरांचा प्रश्न याहून अवघड, आणि तो आपल्या लिपीचा खास आहे. लॅटिन लिपीत एखाद्या डोंगररांगेचे नाव लिहायचे तर अक्षरे लांब लांब टाकून सगळ्या रांगेवर पसरता येतात. देवनागरीत ‘सातमाळा’ असे पसरायला गेले की शिरोरेषा तुटते आणि ‘सा’, ‘त’, ‘मा’, ‘ळा’ अशी चार बेटे तयार होतात. शिरोरेषा ताणून जोडावी, तर ती नकाशावरची आणखी एक रेघ होते. रस्ता, नाला, बांध, शीव, सगळ्या रेघाच. त्यात आणखी एक आडवी रेघ! मोडीत तर आधी सगळी ओळ आखून घेऊन तिला अक्षरे टांगत. कारकुनाच्या वेगाला ती लिपी उत्तम, नकाशाच्या गर्दीला गैरसोयीची. मुंबई इलाख्यात १९१७ मध्ये सरकारी कारभारासाठी मोडीऐवजी बाळबोध स्वीकारण्याचा निर्णय झाला. तरी गावोगावच्या दप्तरांत मोडी पुढे बराच काळ चालू राहिली. शिवाय देवनागरीला कॅपिटल अक्षरे नाहीत. तालुक्याचे गाव, साधे गाव आणि वाडी यांतला फरक आकाराने आणि जाडीनेच दाखवावा लागतो. वर वेलांटी, खाली उकार यामुळे एकाच अक्षराला तीन मजले लागतात. दोन मिलिमीटर उंचीत लॅटिन अक्षर मोकळे बसते. ‘शिऊर’ मात्र अंग चोरून बसते.

शिऊरचे नाव आम्ही सहज घेतले नाही. वैजापूर तालुक्यातले, संत बहिणाबाईंच्या समाधीचे हे गाव. आता जरा नकाशा डोळ्यांपुढे आणा. वैजापूर तालुक्याच्या दक्षिणेला गोदावरी. १९४७ पर्यंत नदीच्या पलीकडे पुणतांब्याच्या बाजूला इंग्रजांचा मुंबई इलाखा आणि अलीकडे निजामाचे हैदराबाद संस्थान. सालारजंग दिवाण असताना, १८७० च्या दशकात, मराठवाड्यात मुंबईच्याच धर्तीवर मोजणी सुरू झाली. एकर-गुंठे तेच, सर्व्हे नंबरांची कल्पना तीच. लिपी मात्र वेगळी. १८८० च्या दशकात संस्थानच्या कारभारात फारसीची जागा उर्दूने घेतली. गावात पटवाऱ्याकडे मोडी, वरच्या कचेरीत उर्दू, आणि सालाच्या जागी फसली सन (सर्वसाधारणपणे त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतो). एकाच नदीच्या दोन काठांवर एकाच पद्धतीने मोजलेली शेते दोन लिप्यांत लिहिली जात होती.

उर्दूत ऱ्हस्व स्वर सहसा लिहीत नाहीत आणि य, ई, ए यांना एकच अक्षर, तर व, ऊ, ओ यांना दुसरे एकच. ‘शिऊर’ उर्दूत लिहिले की श, य, व, र अशी चार अक्षरे उरतात. ज्याला गाव ठाऊक नाही तो ते शेवर, शिवर, शियोर असे काहीही वाचू शकतो. ‘खंडाळा’ या नावातील ळ उर्दूत नाही, त्यामुळे ते ‘खंडाला’ होते. पण गावांच्या नावांची आम्हाला तितकी काळजी वाटत नाही. गावे मोजकी असतात, आणि चुकीचे वाचलेले नाव बहुधा कोणत्याच गावाचे नसते, म्हणून चूक लगेच ध्यानात येते. हिश्शांच्या अ, ब, क या अक्षरांचेही तसेच. ब च्या पोटातील तिरकी रेघ पुसून त्याचा व झाला तरी बिघडत नाही, कारण अ नंतर व येत नाही.

काळजी आकड्यांची. उर्दू आकडे डावीकडून उजवीकडेच लिहितात, पण त्यांची रूपे निराळी. एक म्हणजे नुसती उभी रेघ. शून्य म्हणजे एक टिंब. दोन आणि तीन यांत एका दात्याचा फरक. सात हा इंग्रजी व्ही या अक्षरासारखा आणि आठ म्हणजे तोच व्ही उलटा. पुस्तकात याने काही अडत नाही, कारण पुस्तक कोणी उलटे धरत नाही. नकाशा मात्र बांधावर पसरतात, चार माणसे चार बाजूंनी वाकून पाहतात आणि जो पलीकडे उभा आहे त्याला सातचा आठ दिसतो. टिंबाचे तर विचारूच नका. शंभर वर्षे बस्त्यात बांधलेल्या कागदावर टिंबे करणारे पुष्कळ असतात. त्यांत कसर आहे, दमट हवा आहे आणि माश्या तर आहेतच.

म्हणून देवनागरी बरी आणि उर्दू वाईट, असे कोणी म्हणेल तर ते चूक. देवनागरीत १ आणि ९ घोटाळा करतात. उर्दूत एक ही सरळ रेघ आणि नऊला मोठे डोके, तिथे घोटाळा होत नाही. उर्दूत सात-आठ फसवतात, देवनागरीत ते कधीच फसवत नाहीत. दोन्ही लिप्यांच्या खोडी वेगवेगळ्या जागी आहेत. त्यामुळे एकाच शेताचे दोन लिप्यांतील दोन कागद हाताशी असले, तर ते एकमेकांच्या चुका धरून देतात.

१९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. कचेऱ्यांची भाषा मराठी झाली, तसे उर्दू आणि मोडीतले आकडे देवनागरीत उतरवणे आले. उतरवताना नकलाकाराला जे दिसले ते पुढे चालू झाले. त्यानंतर एकत्रीकरणाच्या योजनेत ठिकठिकाणी सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले आणि वाटण्यांनी ‘१९/२/अ’ सारखे हिस्से पडत गेले. आमच्या वर्गाला ज्याने वाचवले तो शेजाऱ्यांचा क्रमही अशा ठिकाणी विस्कटतो. क्रम हा नकाशावरचा न लिहिलेला मजकूर असतो. तो गेला की आकड्याच्या वळणावर सगळा भार येतो.

हे वळण नीट ठरवण्याचे काम आपल्याकडे मुख्यतः पुस्तकांच्या छपाईसाठी झाले. मुंबईत जावजी दादाजींच्या निर्णयसागरने एकोणिसाव्या शतकात देखणे खिळे पाडले. बापूराव नाईक यांनी १९७१ मध्ये देवनागरी मुद्राक्षरांवर मोठा ग्रंथ लिहिला. ख हा ‘रव’ असा वाचला जाऊ नये म्हणून त्याचे पाय जोडण्याची सुधारणा झाली. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी ल आणि श यांची वळणे निश्चित केली. नकाशाच्या वाट्याला मात्र हाताचे वळण, मग स्टेन्सिल आणि नंतर संगणकावर जो फाँट सापडेल तो, असेच येत गेले. १९९० च्या दशकात तर प्रत्येक कंपनीच्या फाँटची सांकेतिक रचना वेगळी असे. एका यंत्रावरचा ‘गट नंबर’ दुसऱ्या यंत्रावर अगम्य चिन्हांची रांग म्हणून उघडे. देवनागरीचा समावेश असलेली युनिकोड संहिता १९९१ मध्ये आली, तरी ती कचेऱ्यांत रुळायला पुष्कळ वर्षे गेली. र. कृ. जोशी यांनी विंडोजसाठी केलेला ‘मंगल’ फाँट घरोघरी पोचला तो २००० नंतर. तो पडद्यावर वाचण्यासाठी केलेला आहे. चार मिलिमीटरच्या शेतात तो बसवणे हे त्याचे काम नव्हते.

आता ड्रोनने गावठाणे मोजली जातात आणि संगणकावर नकाशा हवा तेवढा मोठा करून पाहता येतो. तरी शेतकऱ्याच्या हाती येतो तो छापलेला कागदच. त्यावर आकड्याभोवती बारीक पांढरी कड सोडली तर बांधाची रेघ आकड्याला चिकटत नाही. ही युक्ती आजच्या संगणक प्रणालींत सहज करता येते, पण ती वापरलेली आम्हाला क्वचितच दिसते.

वर्गात एक प्रयोग जरूर करावा. आठ मिलिमीटरचे चौकोन आखून त्यांत मुलांना दोन आकडी संख्या लिहू द्याव्यात, काहींना बॉलपेनने, काहींना कटनिबने. त्या कागदाची फोटोकॉपी, तिची फोटोकॉपी, अशी पाच-सहा वेळा काढावी, प्रत्येक वेळी थोडी लहान करून. मग कोणते आकडे आधी मेले याची यादी करावी. कोणाचे अक्षर सुंदर आणि कोणाचे टिकाऊ, या दोन याद्या वेगळ्या निघतात, असा आमचा अनुभव आहे.

त्या एकोणीस नंबरच्या शेताचा एक उर्दू कागदही पुढे त्या मुलाने आणला. गावातल्या एका निवृत्त शिक्षकांनी तो वाचून दिला. नंबर पाहताच त्यांनी ‘एकोणीस’ म्हणून सांगितले, एक रेघ आणि शेजारी डोके असलेला नऊ. पण क्षेत्रापाशी ते अडखळले. तीन एकर, पुढे दोनचा आकडा, आणि त्याच्या पुढे एक फिकट टिंब. तीन एकर दोन गुंठे, की तीन एकर वीस गुंठे? कागद उजेडाकडे धरून पाहिला, भिंगाने पाहिला. टिंब शाईचे की माशीचे, काही कळेना. तेवढ्यात एका मुलीच्या लक्षात आले, की त्याच ओळीत एकरी दर आणि एकूण आकारणी दोन्ही लिहिलेली आहेत. शिक्षकांनी ते आकडे वाचून दाखवले, मुलांनी फळ्यावर भागाकार केला. उत्तर साडेतीन आले. टिंब शाईचेच होते.